जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर पडतं, ऑइल कमी होतं: जाड ऑइल टाकण्याआधी काय तपासायचं

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले आणि फवारणीचा ब्लोअर रोज चालायला लागला की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या गावांतून एकच तक्रार ऐकू येते. ट्रॅक्टर पंचवीस-तीस वर्षांचा असतो. सकाळी प्रेशर चांगलं दाखवतो. दोन-तीन तास फवारणी होते, टाकी भरायला बांधावर थांबून रेस कमी केली की ऑइलचा काटा खाली बसतो, नाहीतर लाल दिवा मिचमिचायला लागतो. आठवड्याला अर्धा-एक लिटर ऑइल कमी होतं ते वेगळंच. मग कुणीतरी सांगतं, "नाना, इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल टाका." जाड ऑइल पडतं, पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मग त्याहून जाड ऑइल, किंवा वरून एखादी ताकद वाढवणारी बाटली. दरवर्षी हंगामात हे चक्र फिरतं आणि शेवटी ऐन फवारणीत, द्राक्षं फुलोऱ्यात असताना, इंजिन खोलावं लागतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४० नंबरचं, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीआय-४ दर्जाचं डिझेल इंजिन ऑइल पुरेसं आहे; नंबर आणि अक्षरांचा अर्थ पुढे सांगतो. ते टाकूनही प्रेशर पडत असेल तर दोष ऑइलच्या जाडीत नाही, दुसरीकडे आहे, आणि तो शोधता येतो. जाड ऑइल काटा वर नेतं, पण बिघाड आहे तिथेच राहतो आणि वाढत जातो.

पट्टी काय सांगते

कॅन उघडण्याआधी ऑइलची पट्टी काढून नीट बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर हवा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झालेली हवीत. बागेत ओळीच्या उतारावर उभ्या ट्रॅक्टरची पट्टी खोटं बोलते. एकदा पुसायची, पूर्ण आत घालायची, मग वाचायची. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाईच्या दिवसांत होत नाही.

पट्टीवर तीन गोष्टी दिसू शकतात: ऑइल कमी झालंय, वाढलंय, किंवा रंग बदललाय. लोक फक्त पहिलीकडे लक्ष देतात. खरा धोका दुसरीत आहे.

ऑइल वाढलंय म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, दुसरं काहीतरी मिसळतंय. जुन्या ट्रॅक्टरात हे बहुतेक वेळा डिझेल असतं. मॅसी, फोर्डसारख्या इंजिनांना डिझेल ओढणारा छोटा फीड पंप ब्लॉकच्या बाजूला बसवलेला असतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला की डिझेल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. रोटरी डिझेल पंपाचं शाफ्ट सील गेलं तरी तेच होतं. एखादं नोझल धारेसारखं डिझेल सोडत असेल तर न जळलेलं डिझेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, खाली झिरपतं. तासन् तास स्लोवर, म्हणजे भार नसताना कमी रेसवर, ट्रॅक्टर चालू ठेवायची सवय असेल तर हा प्रकार आणखी वाढतो.

अशा ऑइलला डिझेलचा वास येतो आणि बोटांत चोळलं तर पाण्यासारखं निसटतं. गरम झाल्यावर ते आणखी पातळ होतं आणि प्रेशर पडतं. इथेच सगळी फसगत होते. जाड ऑइल टाकलं की डिझेल मिसळूनही ते काही दिवस टिकतं, काटा वर राहतो आणि शेतकऱ्याला वाटतं की उपाय सापडला. दरम्यान डिझेल उतरतच असतं. महिनाभरात तेही पातळ होतं आणि बेअरिंग मात्र तेवढा काळ अर्ध्या पोटी चाललेले असतात. ज्यांना कमी होण्याची तक्रार आहे त्यांनीही वास घ्यावा. एकीकडे ऑइल जळत असेल आणि दुसरीकडे डिझेल उतरत असेल तर पातळी जागेवरच दिसते आणि "आमचा ट्रॅक्टर ऑइल खात नाही" असं वाटत राहतं.

तपासणं सोपं आहे. संध्याकाळी पातळीवर खूण करा, दिवसभर काम करून पुन्हा त्याच जागी बघा. पांढऱ्या फिल्टर कागदावर एक थेंब टाकून तो पसरू द्या. मध्ये काळा डाग आणि बाहेर पिवळट, तेलकट, रुंद कडा उमटली तर डिझेलचा संशय घ्या. फीड पंप काढून पडदा बघणं हे तासाभराचं काम आहे. तो बदलल्याशिवाय नवीन ऑइल टाकू नका, दोन्हीचे पैसे वाया जातील.

काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवरूनच फिरतो. तिथलं सील गेलं तर हायड्रॉलिकचं ऑइल इंजिनात येतं. खूण अशी, की मागची पातळी कमी होते आणि पुढची वाढते. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी बघितल्या तर लगेच कळतं.

ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी आहे. एका जुन्या, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या पत्र्यावर थेंबभर ऑइल टाकून खालून तापवा, चेहरा लांब ठेवा. तडतडलं तर पाणी नक्की. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा ड्रेन नट हळूच ढिला केला तरी कळतं, कारण पाणी तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. हेड पॅकिंग गेलेलं असेल, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या असतील, क्वचित हेडला तडा असेल. पण आपल्याकडे आणखी एक साधं कारण दिसतं. फवारणीनंतर ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्याने धुतला जातो आणि पाणी ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) किंवा ऑइल भरायच्या सैल झाकणातून आत जातं. त्र्यंबक-इगतपुरीकडे भाताच्या चिखलणीनंतरही हेच होतं. रेडिएटरमधलं पाणी कमी होत नसेल आणि ऑइल मात्र दुधाळ असेल, तर आधी ब्रीदर आणि झाकण बघा. दुधाळ ऑइलवर ट्रॅक्टर एक दिवसही चालवू नका.

काळ्या रंगाला मात्र घाबरू नका. डिझेल इंजिनात नवीन ऑइल काही तासांत काळं होतं, कारण चांगलं ऑइल काजळी स्वतःमध्ये धरून ठेवतं. त्यासाठीच त्यात धुणारी रसायनं घातलेली असतात. काळं झालं म्हणून बदलायचं आणि सोनेरी राहिलं म्हणून चांगलं समजायचं, हे दोन्ही चुकीचं.

कमी होतंय तर कुठे जातंय

रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा किंवा रिकामी गोणी पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून अर्धं निदान होतं. क्लच हाउसिंगच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब पडत असेल तर मागचं ऑइल सील. पुढे फॅनच्या पुलीमागे असेल तर टायमिंग कव्हरचं सील. टॅपेट कव्हरचं पॅकिंग सगळ्यात स्वस्त, आणि त्याची गळती ब्लॉकवरून ओघळत खाली आल्यामुळे दुसऱ्याच ठिकाणची वाटते.

सगळीकडूनच घाम सुटल्यासारखं ऑइल येत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा. ब्रीदर बुजला की चेंबरमधला दाब बाहेर पडायला जागा राहत नाही आणि तो प्रत्येक सीलमधून ऑइल ढकलतो. हे काम फुकटात होतं आणि त्यानेच बऱ्याच गळत्या कमी होतात.

पुठ्ठा कोरडा असेल तर ऑइल जळतंय. धूर निळसर असेल. स्लोवर बराच वेळ ठेवून रेस दिल्यावरच निळा भपका येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. ओढीत, भार असताना सतत निळा येत असेल तर रिंगा आणि लायनर. काळा धूर हा ऑइलचा विषय नाही. तो नोझल, डिझेल पंप किंवा तुंबलेल्या एअर क्लीनरचा आहे.

किती ऑइल जळणं चालेल? वर्कशॉपमधला ठोकताळा असा, की शंभर लिटर डिझेलमागे एक लिटरपेक्षा जास्त ऑइल लागायला लागलं तर इंजिनाच्या कामाची तयारी करावी. ३५ एचपीचा ट्रॅक्टर ब्लोअरवर तासाला साधारण साडेतीन लिटर डिझेल घेत असेल, तर दहा तासांच्या दिवसात ३५ लिटर डिझेल आणि त्यामागे सुमारे ३५० मिली ऑइल, ही सीमा झाली. त्याच्या निम्म्यात असेल तर जुन्या इंजिनाला ते शोभणारं आहे, त्यासाठी ऑइलचा नंबर बदलू नका.

नंबर: १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, नुसतं ४०, की २०डब्ल्यू-५०

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"१५डब्ल्यू-४० पातळ असतं, ते नवीन गाड्यांना. जुन्या इंजिनाला चाळीस नंबरच पाहिजे." हे पिंपळगावच्या बाजारात कुठेही ऐकायला मिळेल. पण कॅनवरचा दुसरा आकडा, म्हणजे ४०, हा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती जाड राहतं ते सांगतो. हे नंबर ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या प्रमाणानुसार ४० नंबरच्या ऑइलची जाडी त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडीचं माप) या मर्यादेतच असावी लागते. मग कॅनवर नुसतं ४० लिहिलेलं असो, २०डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४०. तिन्ही ऑइलं तापलेल्या इंजिनात एकाच पट्ट्यात येतात. १५डब्ल्यू-४० टाकलं म्हणून गरम इंजिनाचं प्रेशर पडलं, असं नुसत्या नंबरमुळे होऊ शकत नाही.

पहिला आकडा आणि 'डब्ल्यू' थंडीतल्या चालू करण्याबद्दल आहे. १५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली २० अंशांना होते, २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांना. आपल्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास जातो, कधी त्याखालीही. तेवढ्या थंडीला दोन्ही चालतात. तरी पहाटे पाच वाजता फवारणीला निघणाऱ्याला १५डब्ल्यू सरस पडतं, कारण ते रॉकरपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत लवकर पोहोचतं. तूप हिवाळ्यात जसं डब्यातून हलत नाही, तसं नुसतं ४० किंवा २०डब्ल्यू-५० त्या वेळी चेंबरमध्ये बसून असतं. इंजिनाची बरीच झीज याच पहिल्या काही क्षणांत होते.

थंड, जाड ऑइलाचा आणखी एक तोटा डोळ्याला दिसत नाही. प्रेशर ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी चेंबरमध्येच परत पडतं. फिल्टरमधून ते जड जातं म्हणून फिल्टरचा बायपासही उघडतो, म्हणजे न गाळलेलं ऑइल पुढे जातं. काटा मात्र झकास वर असतो. प्रेशर म्हणजे ऑइलला होणारा अडथळा. ऑइल किती वाहतंय हे तो काटा सांगत नाही.

जुन्या मॅन्युअलमध्ये हिवाळ्याला ३० आणि उन्हाळ्याला ४० असं लिहिलेलं दिसतं. त्या काळी मल्टिग्रेड, म्हणजे १५डब्ल्यू-४० सारखी दोन आकड्यांची ऑइलं गावोगावी मिळत नव्हती. आता १५डब्ल्यू-४० एकटंच दोन्ही ऋतूंचं काम करतं. निफाडच्या पहाटेपासून मालेगावच्या मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांपर्यंत.

२०डब्ल्यू-४० वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मॅन्युअल तेच सांगत असेल आणि दर्जाची अक्षरं बरोबर असतील तर खुशाल वापरा. अडचण एवढीच, की या नंबरचे बरेच कॅन जुन्या, खालच्या दर्जाचे असतात, आणि दुकानात नंबर विचारला जातो, दर्जा कुणी विचारत नाही.

२०डब्ल्यू-५० कधी? डिझेल-पाणी मिसळत नाही हे तपासून झालंय, प्रेशर खऱ्या मीटरने मोजून झालंय, बेअरिंग झिजलेत हे कळलंय, आणि काम श्रावणात करायचं ठरवलंय. मधला उन्हाळा काढायचाय. तेवढ्या मुदतीपुरतं ते ठीक आहे. कायमची सवय म्हणून नाही, आणि हिवाळ्यात तर नाहीच. एअर कूल्ड आयशरसारख्या इंजिनात ऑइल जास्त तापतं, तिथे कंपनीने जो नंबर दिलाय तोच पाळावा आणि सिलिंडरच्या पात्यांमधली माती नियमित काढावी.

अक्षरं: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४

एपीआयच्या खुणेत 'सी'ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनाची, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलची. सीएफ-४ हा दर्जा १९९० सालचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात सीसी किंवा सीडी लिहिलेलं असतं, ते दर्जे एपीआयने केव्हाच बाद केलेत. सीआय-४ ऑइल त्या सगळ्यांच्या जागी चालतं. काजळी धरणं, आम्ल मारणं, कॅम-टॅपेटची झीज रोखणं, तिन्ही बाबतींत ते जुन्यापेक्षा वरचढ आहे.

सीजे-४ (२००६) आणि सीके-४ (२०१६) हे त्यापुढचे दर्जे. ते मुख्यतः सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्या इंजिनांसाठी केलेले, कमी राखेचे आहेत. जुन्या मॅसीला किंवा महिंद्रा ५७५ ला ते टाकलं तर नुकसान होणार नाही, पण जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजायचे तो फिल्टरच आपल्या ट्रॅक्टरला नाही.

पूर्वी लवकर ऑइल बदलायला सांगायचे त्यामागे डिझेलमधलं गंधक होतं. ते जळून आम्ल होतं आणि ऑइलची ताकद खातं. एकेकाळी आपल्या डिझेलमध्ये हजारो पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) गंधक असायचं. एप्रिल २०१७ पासून देशभर ५० पीपीएम आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या डिझेलमध्ये १० पीपीएम झालं. त्यामुळे आज पंपावरचं डिझेल तुमच्या जुन्या इंजिनाला त्याच्या तरुणपणीपेक्षा जास्त मानवतं. आता शत्रू धूळ आहे आणि उष्णता.

बरीच वर्षं सुटं, स्वस्त ऑइल वापरलेल्या इंजिनात पहिल्यांदा सीआय-४ टाकाल तेव्हा ते साचलेला गाळ सोडवायला लागेल. म्हणून पहिला बदल ५० तासांतच करा आणि फिल्टरही बदला. नंतर नेहमीच्या हिशेबाने. गाळ काढायला चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन चालवण्याची पद्धत सोडून द्या. बेअरिंगला त्या काही मिनिटांत वंगण मिळत नाही.

मागचं ऑइल पुढे टाकू नका

दुकानात 'ट्रॅक्टर ऑइल' मागितलं की काय हातात येईल सांगता येत नाही. गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातल्या ब्रेकसाठी जे एकत्र ऑइल येतं, ते यूटीटीओ. ते इंजिनासाठी नाही. इंजिनासकट तिन्ही ठिकाणी चालतं ते एसटीओयू, आणि त्या कॅनवर एपीआयचा 'सी' दर्जा छापलेला असतो. तो छापलेला नसेल तर इंजिनात टाकू नका. नव्वद नंबरचं गिअर ऑइल थोडं मिसळून प्रेशर वाढवणारेही आहेत. त्यातली रसायनं दातांसाठी असतात, बेअरिंगच्या तांब्यासारख्या धातूला ती बाधतात. मोटारसायकलचं ऑइलही नको.

बागेतला ट्रॅक्टर वेगळा मार खातो

नांगरणीच्या ट्रॅक्टरपेक्षा द्राक्षबागेतला ट्रॅक्टर संथ चालतो, पण तास जास्त भरतो. ओळींच्या मध्ये मोकळा वारा मिळत नाही. पीटीओवर, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्या ठेवायच्या म्हणून रेस एका जागी बांधलेली असते. केवडा किंवा भुरी आली की दिवसातून दोनदा फवारणी होते, आणि गंधकाचं डस्टिंग झालं की ती पिवळी पूड रेडिएटरच्या जाळीत, औषधाच्या ओलाव्यावर, पापडासारखी बसते. ती वरून दिसत नाही. पाणी उकळत नाही म्हणून शेतकरी निर्धास्त असतो, पण ऑइल मात्र तापलेलं असतं, आणि दहा-वीस अंशांच्या वाढीने ते बरंच पातळ होतं. संध्याकाळी प्रेशर पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. येवला-मालेगावकडे मक्याच्या किंवा सोयाबीनच्या मळणीत भुशाने हेच होतं.

रेडिएटर आतून, म्हणजे फॅनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. पाती वाकली तर वारा कायमचा कमी होतो. फॅनबेल्टचा ताण बघा. थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर नवीन बसवा, कारण इंजिन थंड राहिलं तरीही डिझेल नीट जळत नाही आणि ऑइलात उतरतं.

एअर क्लीनरबद्दल तर मी पुन्हा पुन्हा सांगेन. जुन्या ट्रॅक्टरांत तो ऑइल बाथ असतो, खालच्या वाटीत इंजिन ऑइल भरलेलं. मे महिन्यात रोटाव्हेटर चालवताना ती वाटी रोज उघडून बघावी. तळाशी गाळाचा थर अर्धा इंच झाला, किंवा ऑइल दाट झालं, की बदलावं. खुणेपेक्षा जास्त भरलं तर तेच ऑइल इंजिन ओढून घेतं, निळा धूर येतो आणि दोष रिंगांवर जातो. वाईट म्हणजे, इंजिन त्याच ऑइलावर आपोआप रेस घेऊ शकतं. एअर क्लीनर ते इंजिन यांच्यामधली रबरी नळी चिरलेली असेल तर सगळी धूळ थेट लायनरवर. ती नळी हाताने दाबून, वाकवून बघा, चीर नुसती पाहून कळत नाही. जगातलं सर्वांत महाग ऑइलसुद्धा त्या चिरेपुढे हरतं.

प्रेशर खरंच पडतंय का

जुन्या डॅशबोर्डच्या काट्यावर आणि दिव्यावर इंजिन खोलण्याचा निर्णय घेऊ नका. ऑइल सेन्सर काढून तिथे यांत्रिक मीटर लावायला सांगा. चांगल्या मिस्तरीकडे तो असतो, आणि नसेल तर विकत घेऊन ट्रॅक्टरवर कायमचा बसवून टाकणं परवडतं. इंजिन तासभर भारावर चालवून पूर्ण गरम करा, मग वाचा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच खरा. तो हाताशी नसेल तर, प्रत्येक हजार फेऱ्यांना दहा पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलो दाब, हा ठोकताळा मिस्तरी वापरतात. एचएमटीवाल्यांना मॅन्युअल मिळणं विशेष अवघड झालंय, पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. कुणाकडे जुनं पुस्तक असेल तर त्याच्या फोटोप्रती करून गावात वाटा.

मीटरवर प्रेशर चांगलं आलं तर सेन्सर बदला आणि विषय संपला. खरंच कमी आलं तर स्वस्ताकडून महागाकडे जा. ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजा. मग रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि गोळी: स्प्रिंग बसली असेल किंवा खाली कचरा अडकला असेल तर प्रेशर तिथूनच निसटतं. मग चेंबर खोलून ऑइल पंपाची जाळी. तिथे सीलंटचे तुकडे सापडतात, कारण पॅकिंग बसवताना लोक ते हातभर लावतात. चेंबर उतरलाच आहे तर पंपाची झीज आणि बिग एंड बेअरिंग बघूनच घ्या. बेअरिंगच्या राखाडी थराखालून तांबडा धातू दिसायला लागला असेल तर कुठल्याच ऑइलने ते भरून येणार नाही.

बदलायचं कधी, कसं

तासांचं मीटर बंद पडलेलं असणं हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की हिशेब डिझेलवरून करा. २५० तासांचा बदल आणि तासाला साडेतीन लिटर धरलं तर साधारण ८७५ लिटर डिझेल. जुन्या पुस्तकात १२५ किंवा १५० तास लिहिले असतील आणि इंजिन झिजलेलं असेल तर मी मधला, १८०-२०० तासांचा पल्ला धरतो. यांत्रिक मीटर चालू असेल तरी लक्षात ठेवा, तो ठरावीक फेऱ्यांवर घड्याळाच्या वेगाने धावतो. स्लोवरचा तास तो कमी मोजतो. ट्रॅक्टर कमी चालला तरी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आत, बदल हवाच.

ऑइल गरम असताना काढा, म्हणजे गाळासकट निघतं. फिल्टर प्रत्येक वेळी बदला. ऑइलवर खर्च करून जुना फिल्टर ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला साधारण सहा ते आठ लिटर लागतं, पण भरायचं पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंतच. जास्त झालं तर क्रँक ते फेसाळून टाकतो आणि प्रेशर तिथेही पडतं. भरल्यावर स्टॉपची दांडी ओढून धरा आणि थांबत थांबत सेल्फ मारा. प्रेशर दिसलं की मगच इंजिन चालू करा.

सीलबंद कॅनच घ्या, सील आणि बॅच नंबर बघा, पावती मागा. नावाजलेल्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये दुसरंच काही भरून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. वापरलेलं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्या.

इंजिन खोलायचंच ठरलं तर

ब्रीदरमधून भारावर धुराचा लोट येत असेल, शंभर लिटरमागे लिटरभर ऑइल जात असेल आणि गरम प्रेशर मीटरवर कमी असेल, तर तिन्ही मिळून पुरे आहेत. ऑगस्टमध्ये काम काढा, म्हणजे छाटणीच्या आत इंजिन रुळेल. क्रँक मोजल्याशिवाय बेअरिंगचा साइज ठरवू देऊ नका. काम झाल्यावर पहिल्या ५० तासांसाठी तेच १५डब्ल्यू-४० भरा, जाड नको, कारण नव्या बेअरिंगची फट कमी असते. त्या दिवसांत ट्रॅक्टर तासन् तास स्लोवर ठेवू नका आणि एकदम नांगरालाही जुंपू नका. मध्यम भार द्या, ट्रॉली किंवा हलकं वखरण. स्लोवर ठेवलेल्या नव्या लायनरला चकाकी चढते, रिंगा बसत नाहीत आणि नवीन इंजिन पहिल्या महिन्यापासून ऑइल प्यायला लागतं. ५० तास झाले की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, हेडचे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा, टॅपेट लावून घ्या आणि गरम प्रेशरचा आकडा तारखेसह हूडच्या आत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक हंगामात त्याच आकड्याशी ताडून बघायचं.